जुनाट दुखणे आणि धीराचे बोल

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, श्रीगुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायातली कथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. गोदावरीच्या तीरावर एक ब्राह्मण पोटशूळाने तळमळत असतो. अन्न घेतले की शूळ उठतो, म्हणून कित्येक दिवस उपाशी राहायचे, आणि एखादे दिवशी जेवले की पुन्हा तोच जीवघेणा त्रास. शेवटी या जिण्याला कंटाळून, पोटाला दगड बांधून तो नदीत जीव द्यायला निघतो. श्रीनृसिंहसरस्वती स्वामींची दृष्टी त्याच्यावर पडते. ते शिष्यांना पाठवून त्याला जवळ आणवतात आणि विचारतात, की बाबा रे, तू जीव का देतोस? तो आपली सगळी कहाणी सांगतो. स्वामी ती ऐकून घेतात, त्याला अभय देतात आणि सायंदेव नावाच्या गृहस्थाला त्याला जेवू घालायला सांगतात. सायंदेव घाबरतो, हा जेवून मेला तर पाप आपल्या माथी! पण गुरुवचनावर विसंबून तो त्याला पोटभर वाढतो, आणि त्या ब्राह्मणाची व्याधी जाते.

पारायणात आपण या कथेतला चमत्कार लक्षात ठेवतो, ते योग्यच आहे. आज मात्र त्या चमत्काराच्या आधी काय काय घडले त्याचा अभ्यास करायचा आहे. स्वामींनी त्याला पाहिले, जवळ बोलावले, विचारले, पुरते ऐकून घेतले आणि धीर दिला. व्याधी नाहीशी करणे हे सद्गुरूंच्या हातचे. पण ही पाच कामे तुमच्या-आमच्यासारख्या कोणाही गृहस्थाला जमण्यासारखी आहेत.

आपल्या प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी असे दुखणे आहे. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाचा संधिवात, कुणाच्या पायांची मधुमेहाने होणारी आग, कुणाला नागीण बरी झाल्यावरही महिनोन्महिने राहिलेली ठणक. पूर्वी दर गुरुवारी पालखीला हमखास दिसणारी काही माणसे हल्ली का दिसत नाहीत, याचा विचार केला तर बऱ्याच वेळा कारण हेच निघते. मग प्रश्न असा, की नुसत्या बोलण्याने आणि धीर देण्याने या माणसांचे काही भले होते का? होते. पण कसे होते आणि कुठवर होते, हे नीट समजून घेतले पाहिजे.

जुनाट दुखणे म्हणजे काय?

बोट कापले, हाड मोडले, दात किडला की दुखते. ते दुखणे उपकारक असते. सोसायटीचा राखणदार रात्री शिट्टी मारून सावध करतो, तसे ते आपल्याला सावध करते. जखम भरली की शिट्टी थांबते. पण काही वेळा चोर निघून गेला तरी राखणदार शिट्टी मारतच राहतो. पान हलले तरी शिट्टी, मांजर गेले तरी शिट्टी. जुनाट दुखण्यात पुष्कळदा असे होते. मज्जातंतू, पाठीचा कणा आणि मेंदू यांची सावध करणारी यंत्रणाच हळवी होऊन बसते. कधी शरीरात झीज चालू असते, कधी ती फारशी दिसत नाही, पण दुखणे मात्र दोन्हीकडे खरेच असते.

तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकणारे किंवा पुन्हा पुन्हा उलटणारे दुखणे ते जुनाट, अशी डॉक्टरांची सर्वसाधारण व्याख्या आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 पासून लागू केलेल्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात जुनाट दुखण्याला स्वतःचे स्थान दिले आहे. म्हणजे ते दुसऱ्या कुठल्या तरी आजाराचे शेपूट न मानता, स्वतंत्रपणे उपचार करण्याची गोष्ट मानले गेले. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, त्यात एक गोष्ट स्पष्टपणे घातली आहे: एखादा माणूस ‘मला दुखतंय’ म्हणतो तेव्हा त्याच्या शब्दाचा मान राखावा. हे आपण घरातल्यांनी आधी शिकायचे आहे. एक्स-रे चांगला आला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही.

शब्द शरीरापर्यंत कसे पोचतात?

कुणी म्हणेल, दुखणे शरीरात आणि बोलणे हवेत. यांचा संबंध काय? संबंध आहे. 1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असा सिद्धांत मांडला, की दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात त्याला जणू एक दार लागते. ते दार कमी-जास्त उघडते. दुखऱ्या जागेवर हात चोळला की बरे वाटते ते त्यामुळेच. आणि मेंदूकडून खाली येणारे निरोपही ते दार ढकलू शकतात किंवा उघडू शकतात. भीती, काळजी, जागरण यांनी दार उघडते; मन शांत असले, कशात रमले, की ते थोडे लोटले जाते. पुढे या सिद्धांतात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मेंदू दुखणे वाढवतो आणि कमीही करतो, हे मुख्य सूत्र टिकले.

याचा एक पुरावा दुसऱ्या महायुद्धातला आहे. इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना विचारले, वेदनेवर औषध हवे का? दर चारांपैकी साधारण तिघांनी नको म्हटले. बीचर यांनी 1946 मध्ये हे लिहून प्रसिद्ध केले. त्यांचा उलगडा असा, की त्या सैनिकाला जखमेचा अर्थ ‘मी वाचलो, आता रणांगणातून सुटलो’ असा वाटत होता. तशीच जखम शांततेच्या काळात एखाद्या संसारी माणसाला झाली, तर तिचा अर्थ ‘आता माझे कसे होणार’ असा होतो, आणि दुखणे वाढते.

1978 साली आणखी एक प्रयोग झाला. अक्कलदाढ काढलेल्या काही रुग्णांना वेदनाशामक म्हणून नुसतेच निरुपद्रवी, औषध नसलेले द्रव्य दिले. तरी काहींचे दुखणे कमी झाले. नंतर अफूवर्गीय औषधांचा परिणाम उतरवणारे औषध त्यांना दिले, तेव्हा त्यांचे दुखणे पुन्हा वाढले. याचा अर्थ असा काढला गेला, की ‘आता बरे वाटेल’ या भरवशाने शरीराने स्वतःचेच वेदनाशामक पाझरवले होते. भरवसा ही नुसती मनाची समजूत नाही, तिचे शरीरात काम चालते.

उलटही खरे आहे. बाळंतपणाच्या वेळी कमरेत इंजेक्शन देण्याआधी काही स्त्रियांना ‘आता जागा बधिर करतो, तुम्हाला आराम वाटेल’ असे सांगितले आणि काहींना ‘मोठी मधमाशी डसल्यासारखं होईल’ असे सांगितले. सुई तीच, पण दुसऱ्या बायकांना जास्त दुखले. आपण घरात सहज बोलून जातो, ‘तुमच्या पाठीचा मणका पार गेलाय’, ‘आता हे मरेपर्यंत असंच’. हे बोल त्या मधमाशीसारखेच डसतात.

बोलण्याने काय साधते, काय नाही

आता अतिशयोक्ती नको. बोलून झिजलेला गुडघा भरून येत नाही. 2020 मध्ये जगभरातल्या 75 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यांत 9000 पेक्षा जास्त रुग्ण होते, आणि विचार व सवयी बदलायला मदत करणाऱ्या संवादी मानसोपचाराचा जुनाट दुखण्यावर काय परिणाम होतो हे पाहिले होते. फायदा दिसला, पण तो थोडा होता: दुखणे थोडे कमी, हालचाल थोडी जास्त, मनाची तगमग थोडी कमी. जो माणूस दहा वर्षे सोसतो आहे त्याला या ‘थोड्या’ची किंमत विचारा. रात्री दोन तास जास्त झोप लागणे, स्वतःच्या पायांनी देवळात येणे, यालाही ‘थोडे’च म्हणतात.

या विषयात मला सर्वांत बोलका वाटणारा दाखला अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा आहे. तिथे केट लोरिग या परिचारिका असलेल्या संशोधक बाईंनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला. आठवड्यातून एकदा दोन तास, असे सहा आठवडे. शिकवणारे डॉक्टर नव्हते. साधी माणसे होती, आणि त्यातली बरीचशी स्वतः संधिवात असलेली. बसायचे, आपल्या अडचणी सांगायच्या, दुसऱ्याच्या ऐकायच्या, आणि पुढच्या आठवड्यात आपण कोणते एक छोटे काम करणार ते ठरवायचे. पुढच्या वेळी ते जमले की नाही ते सांगायचे. जमले नाही तर सगळ्यांनी मिळून मार्ग शोधायचा. एवढेच.

चार वर्षांनी या लोकांची पाहणी केली, आणि 1993 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुखणे सरासरी 20 टक्क्यांनी कमी झाले होते. डॉक्टरांकडच्या खेपा 40 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. आणि याच काळात शरीराची असमर्थता मात्र 9 टक्क्यांनी वाढली होती. हे पुन्हा एकदा वाचा. सांधे आपल्या वाटेने झिजतच होते, तरी दुखणे कमी झाले. हे कशामुळे झाले, हे संशोधकांनी शोधले. कोणी किती व्यायाम केला याच्याशी त्याचा पुरता मेळ बसेना. मेळ बसला तो ‘माझ्या दुखण्यावर थोडा तरी माझा ताबा आहे’ या वाटण्याशी. ज्याचा हा विश्वास वाढला, त्याचे दुखणे कमी झाले.

या सगळ्याचे सार असे: आपल्या बोलण्याने दुखणाऱ्या माणसाच्या हाती हा ताबा परत आला पाहिजे. त्याची भीती आणि एकटेपणा कमी व्हावा, आणि ‘मला काहीतरी करता येतं’ ही जाणीव वाढावी. ज्या बोलण्याने हे होते तोच खरा धीर.

घरात होणाऱ्या दोन चुका

पहिली चूक उडवून लावण्याची. ‘एवढंसं तर दुखतंय.’ ‘माझंही दुखतं, मी बोलते का?’ ‘रिपोर्ट नॉर्मल आलाय ना, मग?’ ‘अहो, वय झालं आता, चालायचंच.’ यातले प्रत्येक वाक्य बोलणाऱ्याला साधे वाटते. ऐकणाऱ्याला मात्र आपल्याला खोटे ठरवले असे वाटते. मग तो दोनपैकी एक करतो: दुखणे पटवून देण्यासाठी जास्त कण्हतो, नाहीतर बोलणेच बंद करतो. आपल्या पिढीतल्या बायका बहुतेक दुसरे करतात. कंबर धरून ओट्याशी उभ्या राहतात, पण तोंडातून शब्द काढत नाहीत.

दुसरी चूक मायेची आहे, म्हणून ती लवकर लक्षात येत नाही. ‘आई, तू उठू नकोस, मी आहे ना.’ ‘बाबा, तुम्ही पिशवीला हात लावू नका.’ ‘काकू, तुम्ही नुसत्या बसा.’ अमेरिकेतील सिएटल इथे विल्बर्ट फोर्डाइस नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात दाखवून दिले, की कण्हले की लगेच धावणे आणि धडपड केली की तिकडे लक्षच न देणे, यामुळे माणूस नकळत अधिकाधिक बसून राहायला शिकतो. पुढे पतिपत्नींच्या अभ्यासातही दिसले, की जिथे जोडीदार फार जपतो तिथे रुग्णाची हालचाल बऱ्याचदा कमी असते. यात कुणी ढोंग करत नाही. हालचाल थांबली की स्नायू बारीक होतात, सांधे आखडतात आणि मग थोडे हलले तरी जास्त दुखते. साध्या कंबरदुखीला पूर्वी आठवडेच्या आठवडे पडून राहायला सांगत. आता डॉक्टर शक्य तितके हिंडते-फिरते राहायला सांगतात, ते याचसाठी.

शिवाय, ज्या बाईने चाळीस वर्षे घर चालवले तिच्या हातून सगळी कामे काढून घेतली, तर तिच्याजवळ दुखण्याशिवाय उरते काय? भाजी निवडणे, देवाची फुले वेचून ठेवणे, नातवाचा पाढा घेणे, दुधाचा हिशेब ठेवणे, यातले एखादे काम तिचेच राहू द्यावे. तिला जमेल इतके, पण खरोखरीचे काम.

विचारावे कसे?

‘कसं आहे?’ या प्रश्नाला ‘ठीक आहे’ याखेरीज उत्तर येत नाही. प्रश्न थोडा बारीक हवा. ‘आई, गुडघा काय म्हणतोय आज?’ ‘रात्री किती वेळा जाग आली?’ ‘सकाळी उठल्यावर जास्त असतं की संध्याकाळी?’ ‘या दुखण्यामुळे तुमचं काय करायचं राहून गेलं?’ हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. माणसाला दुखण्यापेक्षा कधी कधी त्या राहून गेलेल्या गोष्टीचे जास्त दुःख असते. कुणाला जमिनीवर मांडी घालून आरतीला बसता येत नाही याचे, कुणाला लेकीच्या बाळंतपणाला जाता आले नाही याचे.

उत्तर येत असताना मध्ये उपाय सांगू नये. आपल्याला ही सवय फार. समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी आपण निर्गुडीचा पाला, अमुक तेल आणि तमुक डॉक्टर सांगून मोकळे होतो. पाच मिनिटे गप्प बसून ऐकावे. मग आपल्याला काय समजले ते त्याला सांगावे: ‘म्हणजे दुखण्यापेक्षा रात्रीची भीती वाटते तुम्हाला, असंच ना?’ तो ‘हो’ म्हणाला की ओझ्याचा एक हिस्सा उतरला असे समजा. आपल्या श्रीगुरुचरित्राची रचनाच पाहा. व्याकूळ झालेला नामधारक विचारत जातो आणि सिद्ध सांगत जातो. नामधारकाने पुन्हा पुन्हा विचारले म्हणून सिद्ध रागावत नाही. उलट, त्याच्या प्रश्नाचे त्याला कौतुक वाटते.

मात्र सारा दिवस दुखण्याचीच चर्चा नको. विचारण्याची एक वेळ ठरवावी, उदाहरणार्थ संध्याकाळचा दिवा लावल्यावर दहा मिनिटे. त्यानंतर क्रिकेट, भाचीचे लग्न, यंदाचा पाऊस, वाटेल ते बोलावे. ज्या माणसाशी सगळे फक्त त्याच्या गुडघ्याविषयीच बोलतात, तो माणूस स्वतःला गुडघाच समजू लागतो.

धीर द्यावा कसा?

‘सगळं ठीक होईल’ हे वाक्य जपून वापरावे. दहा वर्षे ज्याचे ठीक झाले नाही त्याला ते पोकळ वाटते. त्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले सांगावे. ‘मागच्या आठवड्यात तुम्ही खोलीच्या दारापर्यंत आलात, आज अंगणात आलात.’ ‘काल दुखत असूनही तुम्ही सगळी शेंग सोललीत.’ हे खरे असते, म्हणून ते मनात टिकते.

पुढची पायरी म्हणजे छोटा संकल्प. स्टॅनफर्डच्या वर्गाची पद्धत आपल्याला सहज उचलता येईल. चार गोष्टी ठरवायच्या: काय करणार, किती, केव्हा, आणि आठवड्यातून किती दिवस. मग विचारायचे, ‘हे जमेल याचा भरवसा दहापैकी किती?’ सातपेक्षा कमी उत्तर आले तर संकल्प लहान करायचा. समजा, आजोबा म्हणाले, ‘रोज औदुंबराला 21 प्रदक्षिणा घालीन.’ भरवसा विचारला तर म्हणाले, चार. मग 5 प्रदक्षिणा, सकाळी नऊच्या सुमारास, आठवड्यातून चार दिवस. भरवसा आठ. ठरले! संख्या कमी झाली म्हणून दत्तमहाराज रागावत नाहीत, आणि गुडघाही रुसत नाही.

इथे एक पथ्य. जरा बरे वाटले की आपल्याकडे लोक माळा साफ करायला काढतात, आणि मग तीन दिवस अंथरूण धरतात. चांगल्या दिवशी जास्त आणि वाईट दिवशी काहीच नाही, असे करू नये. ‘दुखेपर्यंत’ न करता ‘ठरवलेल्या वेळेपर्यंत’ करावे आणि थांबावे. दोन आठवडे जमले की थोडे वाढवावे. एखादे दिवशी राहिले तर हिशेब मागू नये. ‘काय आड आलं?’ एवढेच विचारावे.

श्रद्धेच्या नावाने दुखवू नये

आपण भाविक माणसे, म्हणून हे वेगळे सांगतो. ‘पूर्वकर्माचं फळ’, ‘सेवेत काहीतरी कमी पडलं असेल’, ‘नामस्मरण वाढवा म्हणजे दुखायचं नाही’, असे बोल दुखणाऱ्याच्या तोंडावर टाकू नयेत. स्वतःच्या भोगाकडे प्रारब्ध म्हणून पाहण्याचा अधिकार ज्याचा त्याला; दुसऱ्याच्या दुखण्यावर तो शिक्का मारण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? परमपूज्य श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांना संग्रहणीचा त्रास वर्षानुवर्षे होता. त्यांच्या सेवेत काय कमी होते? दुखणे हे भक्तीचे मोजमाप नव्हे.

नामस्मरण, करुणात्रिपदी, आरती यांचा आधार मात्र मोठा आहे. श्वास संथ होतो, मन एका जागी ठरते, चार माणसांच्या आवाजात आपला आवाज मिसळतो आणि आपण एकटे नाही हे कळते. औषध चालू ठेवून हा आधार घ्यावा, औषध सोडून नव्हे.

सांभाळणाऱ्यालाही विचारा

घरात एकाचे दुखते, पण जागरण दोघांचे होते. सून, लेक, बायको किंवा म्हातारा नवरा, जो कोणी सांभाळतो त्याला कुणी विचारत नाही. तो कधी चिडतो आणि मग मनात स्वतःलाच दोष देत बसतो. अशा घरी गेलात तर आधी रुग्णाची आणि मग सांभाळणाऱ्याची चौकशी करा: ‘वहिनी, तुमची झोप होते का? मी दोन तास इथे बसतो, तुम्ही जाऊन या.’ हे दोन तास दिलेले दान फार मोठे आहे.

देवस्थानात काय करता येईल?

सभामंडपात भिंतीकडेला हात टेकायला दांड्या असलेल्या आठ-दहा खुर्च्या ठेवाव्यात, आणि खुर्चीवर बसणाऱ्याकडे कुणी वळून पाहू नये. पायऱ्यांना कठडा असावा. जो सलग दोन गुरुवार दिसला नाही, त्याला तिसऱ्या दिवशी फोन जावा. महिन्यातून एकदा, आरतीनंतर तासभर, दुखणे असलेल्या सात-आठ जणांनी गोल करून बसावे. प्रत्येकाने एक अडचण सांगावी, एक जमलेली गोष्ट सांगावी आणि पुढचा छोटा संकल्प करावा. औषधांचा प्रचार नाही, कुणाचे बोलणे तोडायचे नाही, आणि इथले इथेच ठेवायचे. याला पैसा लागत नाही. केरळात 1990 च्या दशकात कोझिकोडहून सुरू झालेल्या वेदनाशमन आणि परिहार सेवेच्या कामात पुढे गावोगावचे साधे स्वयंसेवक घरोघरी जाऊ लागले. डॉक्टर आणि परिचारिकांच्या जोडीला शेजाऱ्यांचे जाणे-येणे आणि बोलणे हा त्या सेवेचाच भाग आहे. त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये?

कधी डॉक्टर, कधी तातडी

धीराचे बोल डॉक्टरांच्या जागी नाहीत, त्यांच्या जोडीला आहेत. अचानक सुरू झालेले तीव्र दुखणे, छातीत दुखणे, दुखण्याबरोबर ताप किंवा विनाकारण वजन घटणे, हातापायातली शक्ती जाणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, पडल्यानंतरचे दुखणे, यांत गप्पा मारत बसू नये, ताबडतोब दाखवावे. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने खाऊ नयेत. पोट आणि मूत्रपिंडे त्यांनी बिघडतात, वयस्कांची तर लवकरच.

आणि सर्वांत महत्त्वाचे. ‘दत्ता, आता सोडव रे बाबा’ असे पुष्कळ लोक बोलतात. ते नुसते बोलणे समजून सोडून देऊ नका. जवळ बसा आणि स्पष्ट विचारा, ‘जीव नकोसा वाटतो का? काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कोंडलेले मोकळे होते. उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांना कळवा. भारत सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते, मराठीतूनही बोलता येते. गोदातीरी त्या ब्राह्मणाला असेच विचारणारे कुणीतरी भेटले होते.

या दत्तजयंतीपासूनचा अभ्यास

पहिला दिवस: आपल्या ओळखीतल्या, जुनाट दुखणे असलेल्या एका माणसाचे नाव ठरवा.
दुसरा: त्याला भेटा किंवा फोन करा, आणि एक बारीक प्रश्न विचारा.
तिसरा: पाच मिनिटे उपाय न सांगता ऐका.
चौथा: त्याने केलेली, तुम्ही पाहिलेली एक गोष्ट त्याला सांगा.
पाचवा: त्याच्यासोबत एक छोटा संकल्प ठरवा आणि भरवसा दहापैकी किती ते विचारा.
सहावा: त्याच्या घरच्या सांभाळणाऱ्याची विचारपूस करा.
सातवा: संकल्पाचे काय झाले ते ऐका, आणि पुढच्या भेटीचा दिवस ठरवा.

मननासाठी दोन प्रश्नही देतो. माझ्या घरात कुणाचे दुखणे मी ‘चालायचंच’ म्हणून सोडून दिले आहे? आणि माझेच दुखत असेल, तर ते मी कुणाला सांगितले आहे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कुणालाच नाही’ असे असेल, तर या आठवड्यात एका विश्वासाच्या माणसाला सांगा. मागणे देवाकडे जसे मांडतो तसेच साध्या शब्दांत मांडा: कुठे दुखते, केव्हा दुखते, आणि मला तुमच्याकडून काय हवे आहे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥